माझी करकर

मित्रांनो, या खोलीत तुम्ही आलात तर मी दिसण्याआधी तुम्हाला ऐकू येईन. खिडकीजवळ, पिवळ्या दिव्याच्या शेजारी माझी जागा आहे. मी एक जुनी झुलती खुर्ची आहे. माझ्यावर बसून कोणी पुढे झुकले की ‘टक’ असा आवाज येतो आणि मागे गेले की ‘कर्र’. पूर्वी हे बरोबर उलटे होते. आधी कर्र, मग टक. ते उलटे कसे झाले, हे मी आज सांगणार आहे. माझा स्वभाव जरा कुरकुरा आहे, आणि दुपारचे ऊन अंगावर आले की मला डुलकी लागते. तेव्हा बोलता बोलता मी मध्येच कुठे हरवले, तर सांभाळून घ्या.

माझे अगदी सुरुवातीचे आयुष्य मला धुक्यातून दिसावे तसे आठवते. मी तेव्हा झाड होते. रस्त्याच्या वळणावर उभी असायची. शेजारी आणखी एक झाड होते आणि आमच्या दोन फांद्या एकमेकींना टेकल्या होत्या. वारा सुटला की त्या घासत आणि आवाज होई. खालून जाणारी माणसे वर बघून म्हणत, मोडते की काय! मोडत काहीच नव्हते. आमच्या गप्पा चालल्या होत्या. एका वादळात मी आडवी झाले आणि त्या गप्पा अर्ध्यावर राहिल्या. अजूनही डोळा लागला की मला ती फांदी दिसते. माझ्यात जो आवाज उरला, तो त्याच गप्पांचा राहिलेला भाग असावा असे मला वाटते. खरे-खोटे मला माहीत नाही.

मला घडवणारे सुतारकाका कामाला पक्के होते. लाकूड वर्षभर सुकवल्याशिवाय त्याला करवत लावायची नाही, असा त्यांचा नियम होता. पण एक गृहस्थ घाईघाईने आले. त्यांच्या घरी बाळ येणार होते आणि बाळाला झोपवायला झुलती खुर्ची हवी होती. काका म्हणाले की लाकूड अजून ओले आहे. गृहस्थ म्हणाले की बाळ काही लाकूड सुकेपर्यंत थांबणार नाही. काका हसले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला नियम मोडला. त्यांनी मला प्रेमाने घडवले. हात गोल केले, पाठ कमरेला आधार देईल अशी वळवली, खालच्या दोन कमानी घासून गुळगुळीत केल्या. पण त्या घरात गेल्यावर मी हळूहळू सुकत गेले, आणि उजव्या पायाचा सांधा केसभर सैल झाला.

तेव्हापासून ही करकर. बाळाची आई त्याला मांडीवर घेऊन झुलायची. बाळाचे डोळे मिटत आले की मी ‘कर्र’ म्हणायची आणि डोळे टक्क उघडायचे. ज्या बाळाला झोपवायला मला आणले, त्याचीच मी झोपमोड करत होते. काका दोनदा येऊन ठोकून गेले. दुसऱ्यांदा ते कोणाशी न बोलता गेले. घरात मला ‘कुरकुरी’ म्हणू लागले. मग एक दिवस मला उचलून गॅलरीत ठेवले. माझ्यावर आधी रद्दी आली, मग ओले टॉवेल, मग एक फुटकी बादली. किती वर्षे गेली, मी मोजली नाहीत. झोपेत गेली एवढे खरे. त्या घरातून मी जुन्या सामानाच्या दुकानात गेले. तिथे एक आरसा आणि दार नसलेले कपाट यांच्या मध्ये उभी राहिले. गिऱ्हाईक येई, बसे, आवाज ऐके आणि चटका बसल्यासारखे उठे. माझ्यात काहीतरी वाईट आहे, हे मी मनाशी पक्के केले होते.

आणि मग बाई आल्या.

बाईंच्या हातात सामानाची यादी होती आणि चष्मा केसांत खोचलेला होता. तोच चष्मा त्या पर्समध्ये शोधत होत्या. त्या माझ्यावर बसल्या आणि डोळे मिटून झुलू लागल्या. मी अर्थातच करकरले. दुकानदार ओशाळून म्हणाला की तेल घालून देतो, लगेच बंद होईल.

“नको, राहू दे,” बाई म्हणाल्या. “कोणीतरी सोबत आहे असं वाटतं.”

मित्रांनो, माझ्या आवाजाबद्दल कोणी बरे बोलल्याची ती पहिली वेळ होती. मी रिक्षाटेम्पोत उलटी पडून सगळा रस्ता आभाळ बघत गेले.

बाई मानसशास्त्रज्ञ आहेत. लोक त्यांना डॉक्टर म्हणतात, तेव्हा त्या दर वेळी सांगतात की मी गोळ्या देत नाही, मी ऐकते. चष्म्याच्या दुकानावर, पहिल्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत ताई बसते. ती फोन घेते, वेळा ठरवते, आणि घाबरून आलेल्या माणसाला पाणी हवे की नुसते गप्प बसायचे आहे, हे चेहऱ्यावरून ओळखते. आतल्या खोलीत मी, एक सोफा, एक ठेंगणे रुंद टेबल, मातीचे गोळे ठेवलेले कपाट आणि एक जाड, जड दुलई आहे. सोफ्याबद्दल मी फार बोलत नाही. तो ऐसपैस आहे, पण त्याला स्वतःचे असे काही मत नाही.

इथे दोन तऱ्हेची माणसे येतात. काहींच्या मनाला कधीतरी मोठा धक्का बसलेला असतो आणि तो धक्का सरून गेला, हे त्यांच्या शरीराला अजून कळलेले नसते. दार आपटले तरी ती दचकतात. काहींच्या मेंदूची घडणच जन्मापासून वेगळी असते. आपल्याला जो दिवा साधा वाटतो, तो त्यांच्या डोळ्यांत टोचतो. आपल्याला जो गोंधळ ऐकूही येत नाही, त्यातला एकेक आवाज त्यांना सुटा ऐकू येतो. आणि काही जण दोन्ही असतात. म्हणून या खोलीत टिकटिक करणारे घड्याळ नाही, दाराच्या चौकटीला मऊ पट्टी लावली आहे आणि ताई अत्तर लावत नाही.

आणि म्हणूनच इथे ती पाटी आहे. आत येण्याच्या दाराशेजारी एक काळी पाटी टांगली आहे. वर लिहिले आहे, ‘आज काय बदललंय’. या जागेत काहीही बदलायचे झाले, तर ते आधी पाटीवर लिहायचे, असा बाईंचा नियम आहे. ताई लिहिते आणि बाजूला छोटेसे चित्रही काढते. ‘कुंडी उजव्या कोपऱ्यात गेली.’ ‘रुमालांचा डबा आता निळा.’ ‘बाईंनी केस कापले.’ एक अग्निशमन दलातला गडी येतो, दाराएवढा उंच. तो पाटी वाचल्याशिवाय उंबरठा ओलांडत नाही आणि भिंतीला पाठ लावूनच बसतो. एक गणिताच्या शिक्षिका बेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्यावर बसून म्हणाल्या, “म्हणजे मी आळशी नव्हते?” त्यापुढे त्या काय बोलल्या, ते मी सांगणार नाही. या खोलीतले बोलणे खोलीबाहेर जात नाही. चिंगीची गोष्ट मी सांगते आहे ती तिला विचारूनच. कसे विचारले, ते मात्र आमच्या दोघींत राहू दे.

चिंगी पहिल्यांदा आली तेव्हा नऊ वर्षांची होती. तिचे नाव वेगळेच होते, पण लहानपणी ती दिवसभर चिवचिव करायची म्हणून घरच्यांनी चिंगी म्हणायला सुरुवात केली. आता ते नाव तिच्या अंगावर मोठ्या बहिणीचा फ्रॉक घातल्यासारखे ढगळ दिसत होते. कारण चिंगी आठ महिने एक शब्दही बोलली नव्हती.

तिच्यासोबत तिची मावशी होती. मावशी शिवणकाम करते. बाहेरच्या खोलीत बसल्या बसल्या तिच्या ओढणीला लावलेल्या टाचण्या चमकत असत. तिने बाईंना सगळे सांगितले. चिंगी पहिल्यापासूनच वेगळी. कॉलरच्या आतली पट्टी तिला टोचते म्हणून मावशी तिच्या सगळ्या कपड्यांच्या पट्ट्या काढते आणि शिवण बाहेरच्या बाजूला घेते. मग एकदा घाटरस्त्यावर त्यांची गाडी घसरली आणि खोल उतारावरून खाली गेली. चिंगीचे आईबाबा दोघेही गेले. चिंगीला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही, असे दवाखान्याच्या कागदावर लिहिले होते.

तेव्हापासून ती मावशीकडे राहत होती. मावशी एकटीच होती. चिंगीचा मामा, म्हणजे मावशीचा मोठा भाऊ, सारखा म्हणायचा की हे तुझ्याने निभणार नाही. अशा मुलांची एक निवासी शाळा दूरच्या गावी होती आणि त्याने तिथे चिंगीसाठी जागा धरून ठेवली होती. तिथून ती वर्षातून दोनदा घरी येणार. मामा काही वाईट नव्हता. घाबरला होता. मावशीने त्याच्याकडून सहा महिने मागून घेतले होते. सहा महिन्यांत चिंगी सावरू लागली तर ती मावशीकडेच राहील. नाहीतर मामा येऊन तिला घेऊन जाईल.

पहिले चार गुरुवार चिंगी टेबलाखाली बसली. बाई तिच्याशी बोलल्या नाहीत. त्या जमिनीवर बसून मातीचा गोळा मळत राहिल्या. पाचव्या गुरुवारी टेबलाखालून एक हात आला आणि त्याने माझी कमान ढकलली. कर्र. हात थांबला. मी परत गेले. टक. हात पुन्हा आला. त्या दिवशी पाऊण तास आमचे दोघींचे एवढेच चालले होते. खिडकीतले ऊन सरकत सरकत तिच्या बोटांवर आले, आणि मला उगाचच ती शेजारच्या झाडाची फांदी वाटली.

पुढे ती माझ्यावर बसू लागली. दुलई अंगावर ओढून, पाय पोटाशी घेऊन ती झुलायची. बाई दुरून पाहायच्या आणि चिंगीला नको असेल तर तेही नाही. मी अर्धवट झोपेत असायची आणि ती अर्धवट जागी. चौथ्या महिन्यात एका गुरुवारी मी ‘कर्र’ केले आणि माझ्या कानाशी कोणीतरी हळूच ‘कर्र’ म्हणाले. माझी झोपच उडाली. बाईंनीही ऐकले होते. त्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत, शाबास म्हटले नाही. मातीचा गोळा मात्र त्यांच्या हातात होता तसाच राहिला. बाहेर गेल्यावर त्यांनी मावशीला सांगितले आणि मावशी जिन्यात बसून रडली. मी ऐकले. चिंगीच्या तासाला आमचे दार थोडे उघडे असते, बंद केले की ती लगेच उठून उघडते.

त्यानंतर बाई दोन आठवडे गावाला गेल्या. जाताना त्यांनी चिंगीला कॅलेंडरवर खुणा करून दिल्या. आणि इकडे ताईच्या मनात आले की बाईंना परतल्यावर छान वाटावे.

ताईने मन लावून काम करून घेतले. भिंतींना रंग दिला. पडदे धुतले. जिन्याचा कठडा घट्ट करून घेतला. आणि एका दुरुस्तीवाल्याला बोलावून माझ्याकडे बोट दाखवले. त्याने मला उलटे केले, सांध्यात डिंकासारखे काही भरले, दोन स्क्रू पिळले आणि अंगभर पॉलिश केले. मला सरळ करून त्याने झुलवले. काहीच आवाज आला नाही. ताईने खूश होऊन टाळी वाजवली.

मित्रांनो, खोटे कशाला बोलू? मलाही आनंद झाला. ज्या खोडीपायी मी गॅलरीत पडले, दुकानात पडले, ती खोड गेली होती. मी इतकी मुकाट आणि देखणी झाले होते की सोफ्याकडे बघायचेसुद्धा मी सोडून दिले. त्या आठवडाभर मी चमकत होते.

ताईने पाटीवर सगळे लिहिले. एकूण नऊ ओळी होत्या आणि नऊ चित्रे. सातवी ओळ माझी होती. ‘खुर्चीला पॉलिश केलं. रंग थोडा गडद. वास येईल.’ आवाजाचे तिने लिहिले नाही. तिने काही लपवले नव्हते. पाटीवर वस्तू लिहायच्या, असेच सगळे धरून चालले होते, आणि करकर ही वस्तू आहे असे तिच्या ध्यानातच आले नाही. बाईंच्याही नाही.

गुरुवारी चिंगी आली. तिने बोट ठेवून पाटी वाचली. एकेक ओळ वाचायची, आत येऊन ती गोष्ट बघायची, परत जाऊन पुढची ओळ. माझ्याजवळ येऊन तिने वास घेतला आणि मान हलवली. वास पाटीवर होता. मग ती बसली आणि पुढे झुकली.

काही नाही.

ती मागे गेली. काही नाही. तिने जोरजोरात झुलून पाहिले. खाली उतरून माझ्या उजव्या पायाला कान लावला. धावत पाटीकडे गेली आणि नऊच्या नऊ ओळी पुन्हा वाचल्या. तिला जे हवे होते ते तिथे नव्हते. ती टेबलाखाली शिरली आणि कानांवर हात न ठेवता, डोळे सताड उघडे ठेवून थरथरत राहिली. शेवटी मावशीने तिला दुलईत गुंडाळून उचलून नेले.

पुढच्या गुरुवारी कोणी आले नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

बाई आणि ताई पाटीसमोर उभ्या राहून एकेक ओळ तपासत. रंगाचा वास असेल, पडद्याचा असेल. ताई पुन्हा पुन्हा म्हणे की मी सगळे लिहिले होते हो. खिडक्या उघड्या टाकल्या, कुंडी जागेवर आणली. आणि मी? मला सगळे कळत होते. चिंगीला काय हवे आहे ते त्या खोलीत फक्त मला माहीत होते आणि ते सांगायला माझ्याकडे आवाज उरला नव्हता. बोलायचे असून बोलता न येणे म्हणजे काय, ते मला त्या तीन आठवड्यांत कळले. माझी सगळी चमक मला टोचू लागली. आता मला झोप येत नव्हती, स्वप्नही पडत नव्हते.

मग एका दुपारी मावशी एकटीच आली. सहा महिने संपायला चार दिवस राहिले होते. मामा रविवारी येणार होता. तिला चिंगीचे कागद परत हवे होते. बाईंनी तिला बसायला सांगितले आणि ती नेमकी माझ्यावर बसली. थकलेल्या माणसासारखी नकळत झुलू लागली.

तिने सांगितले की आता चिंगी पूर्वीपेक्षाही मिटली आहे. मोरीतला नळ ती रात्रंदिवस ठिबकत ठेवते. मावशी बंद करते, चिंगी उठून पुन्हा सैल करते. थंडीतसुद्धा पंखा लावून ठेवते. “मी रागावले तिच्यावर. नळ बंद केला की डोळे असे करते, जणू मी तिला मारलंय.” एवढे बोलून मावशी झुलायची थांबली. तिने खाली माझ्या पायांकडे पाहिले. “या खुर्चीचा आवाज कुठे गेला?”

 बाईंनी मावशीला पुन्हा झुलायला सांगितले. मी झुलले. खोलीत काहीच वाजले नाही. बाई उठल्या, दारापर्यंत गेल्या आणि परत आल्या.

“त्या दिवशी गाडीत,” त्यांनी विचारले, “मदत येईपर्यंत चिंगी किती वेळ जागी होती?”

मावशी म्हणाली की बराच वेळ असावी. “जे उतरले ना खाली, ते म्हणाले, तिथे इतकं शांत होतं की गाडीत कोणी जिवंत असेल असं वाटलंच नाही.”

बाई माझ्यासमोर जमिनीवर बसल्या. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले.

“चूक आमची आहे,” त्या म्हणाल्या. “तिला शांतता नकोय. आम्ही तिच्या हातातला आवाज काढून घेतला आणि तिला सांगितलंही नाही.”

मावशी रविवारपर्यंत थांबायला तयार झाली. फक्त रविवारपर्यंत.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दुरुस्तीवाल्याला बोलावले. तो बिचारा चक्रावला. लोक आवाज घालवायला बोलावतात, हे लोक आणायला बोलावतात, असे तो दोनदा म्हणाला. पण होता कामाचा. त्याने स्क्रू काढले, भरलेला डिंक पातळ पात्याने खरवडून काढला. मला दुखले, पण मी म्हटले, काढ. मला सरळ उभी करून त्याने हात लावला, आणि मी बोलले. पण पुढे जाताना ‘टक’ आणि मागे येताना ‘कर्र’. सांधा आता दुसऱ्या बाजूने सैल झाला होता. त्याने तासभर खटपट केली. शेवटी तो म्हणाला, “अगदी पहिल्यासारखं नाही व्हायचं, बाई. तसं सांगून फसवणार नाही तुम्हाला.”

“मग तसंच लिहू,” बाई म्हणाल्या.

त्यांनी ताईला पाटी भिंतीवरून काढायला सांगितली. इतक्या वर्षांत पाटी कधी खाली उतरली नव्हती. ताईने आधी चित्र काढले. मग लिहिले, ‘आम्ही खुर्चीचा आवाज न विचारता काढला. पाटीवर लिहिला नाही. आमची चूक झाली. आवाज परत आणलाय. तो पहिल्यासारखा नाही.’ आणि ती पाटी पेपरात गुंडाळून ताई स्वतः मावशीच्या घरी देऊन आली. परत आल्यावर तिने सांगितले की चिंगीने पाटी घेतली आणि दार लावून घेतले. बास, एवढेच.

शनिवार हा आमच्या सुट्टीचा दिवस. तरी बाई आणि ताई दोघीही आल्या आणि आपण सहज आलो असे एकमेकींना सांगत बसल्या. दुपार झाली. ऊन माझ्या पाठीवर आले, पण मला डुलकी लागली नाही. मग जिन्यावर पावले वाजली.

चिंगी पाटी छातीशी धरून आली, मागून मावशी. तिने ती स्वतः खिळ्यावर अडकवली, सरळ केली आणि माझ्याजवळ आली. बसली नाही. हाताने मला ढकलले. टक. मी परत आले. कर्र. तिने कपाळाला आठ्या घातल्या. पुन्हा ढकलले. पुन्हा ऐकले. मी जीव मुठीत धरून होते, मित्रांनो. मी पहिल्यासारखी नव्हते आणि ते तिला कळले होते.

“उलटा आहे,” चिंगी म्हणाली.

बाहेर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. ताईच्या हातातला पेला असावा. आत कोणी हलले नाही.

“हो,” बाई अगदी साध्या आवाजात म्हणाल्या. “उलटा झालाय. सरळ नाही करता आला.”

चिंगी माझ्यावर चढली. पाय पोटाशी घेऊन झुलू लागली. टक, कर्र. टक, कर्र. झुलता झुलता ती बोलली. तिचा आवाज कित्येक महिने वापरला नसल्यामुळे खरखरीत झाला होता, माझ्यासारखाच.

“गाडीत काहीच वाजत नव्हतं.”

“मी ऐकतेय,” बाई म्हणाल्या.

“मी हाक मारली. खूप वेळा. कोणी वाजलंच नाही.” ती झुलत राहिली. “मग मी पण बंद केलं.”

त्यापुढचे मी सांगणार नाही. पुढे ती पुष्कळ रडली आणि मी माझ्या परीने वाजत राहिले, एवढेच सांगते. उघड्या दारातून मला बाहेर मावशी दिसत होती. तिने दोन्ही हातांनी ओढणी तोंडात कोंबली होती. थोड्या वेळाने तिने डोळे पुसले, भावाला फोन लावला आणि म्हणाली, “दादा, उद्या येऊ नकोस. म्हणजे ये, पण नुसता जेवायला ये.”

तेव्हापासून पाटीवर एक ओळ कायमची आहे. ‘आवाज’ असे लिहून पुढे जागा सोडलेली असते. लिफ्टचा भोंगा बदलला, खाली चष्म्याच्या दुकानात ठोकाठोक चालणार असेल, तर ताई ते तिथे लिहिते. चिंगी काही एका दिवसात बरी झाली नाही. अजूनही ती काही गुरुवारी येते आणि एक शब्दही न बोलता जाते. ते चालते. आमच्याकडे गप्प बसायलाही जागा आहे.

मित्रांनो, मी आता म्हातारी झाले आहे. डाव्या कमानीला चीर गेली आहे आणि एक दिवस मीही गप्प होणार. त्याआधी तुमच्याकडे एवढेच मागते. तुमच्या वर्गात एखादा मुलगा सारखा डोलत असेल, एखादी मुलगी पेन्सिल वाजवत असेल, घरात कोणी एकाच जागी बसायचा हट्ट धरत असेल, तर त्यांना लगेच नीट करायला जाऊ नका. ज्याला तुम्ही खोड म्हणता, तिला धरून कोणीतरी उभे असेल. आधी विचारा. विचारायला विसरलात, तर ताईसारखे स्वच्छ अक्षरात चुकलो म्हणून लिहा. आणि जुन्या वस्तूंना अधूनमधून हात लावत जा. आम्हाला बरे वाटते.

राहता राहिला तो नळ. मावशीने त्या शनिवारपासून त्याला हात लावला नव्हता. खाली एक टॉवेल घालून ठेवला होता, एवढेच. परवा ती आली ती हसतच. बाईंनी विचारले, काय झाले? मावशी म्हणाली की चिंगीने नळ स्वतःच बंद केला, अगदी घट्ट. मावशीने घाबरून विचारले की का गं, झोप येईल ना तुला? तर चिंगी पांघरुणातून म्हणाली, “तू घोरतेस ना, ते ऐकू येतं. तेवढं पुरे.”